तुझ्या डोक्यामागचे केस

१२ जानेवारी

प्रिय छोट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला टाकलं असतंस, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच. फोन केला नाही, कारण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि दोघांचा आवाज एकच असल्यामुळे मला वाटत राहतं की मी स्वतःलाच शिव्या घालतोय.

काम आहे. कामाशिवाय मी लिहिणार नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा खुशाली विचारण्याचं नाटक करत नाही. मला तुझे केस हवेत.

हसून घे. तुझी वहिनी दोन दिवस हसत होती. म्हणाली, "अहो, आहेत ते विंचरायला तरी कुठे वेळ असतो तुम्हाला?"

अठरा वर्षांपूर्वी मी पुढच्या बाजूला केस लावून घेतले, ते टिकले. लावलेले केस जात नाहीत असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते आणि ते खरं निघालं. फक्त त्यांच्या मागचे, जे माझे स्वतःचे होते, ते गेले. आता कपाळावर एक पट्टी आहे आणि तिच्यामागे मोकळं मैदान. घर पडून फाटक तेवढं उभं राहावं तसं दिसतं. ती पट्टी मागे वळवून, वर काळी पूड भुरभुरून मी आजवर वेळ मारून नेली. आता पुडीलाही धरायला काही उरलं नाही.

म्हणून पुन्हा एकदा करून घ्यायचं ठरवलं. या वेळी डॉक्टरीणबाई आहेत, कमी बोलणाऱ्या. तपासणीला येताना डोकं पूर्ण उतरवून या म्हणाल्या, गेलो उतरवून. दोन कानांच्या मधला, मानेच्या वरचा भाग त्यांनी भिंगाखाली बोटाबोटाने पाहिला. केस तिथूनच काढायचे असतात, कारण तिथले केस जन्मभर साथ देतात. पाहून झाल्यावर म्हणाल्या, "पहिल्या वेळी फार ओरबाडलंय हो. इथून काढण्यासारखं आता काही नाही." दाढीचे केसही चालतात म्हणे. पण आपली दाढी कसली आहे ते तुला मी काय सांगू.

निघता निघता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला टक्कल आहे?" म्हटलं, जुळ्या भावाला. "दिसायला एकसारखे?" म्हटलं, होतो. त्या उठल्या होत्या त्या परत बसल्या. दुसऱ्या कोणाचे केस आपलं अंग ठेवून घेत नाही, पण एकसारख्या जुळ्याचे घेतं. आपले कोणते आणि त्याचे कोणते, हे अंगाला कळतच नाही, असं त्या म्हणाल्या.

तुझं मागचं सगळं शाबूत आहे, ते कोणी कधी हात लावलेलं नाही. फारसं दुखत नाही. काही दिवस पाठीवर झोपता येत नाही, पण तू तसाही कुशीवर झोपणारा.

हो की नाही, एवढंच कळव.

दादा

ता. क. आई बरी आहे.


२ फेब्रुवारी

छोट्या,

कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि त्यात दोन ओळी. "केस देईन. पण बावन्नाव्या वर्षी कशाला हवेत ते खरं सांग." पहिली ओळ वाचून मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. दुसरी वाचून उठलो. तू जिथे जाशील तिथे मास्तरकी करणार.

खरं ऐक मग. चष्म्याच्या दुकानात चारी बाजूंना आरसे असतात हे तू विसरला नसशील. गिऱ्हाईक स्वतःला बघायला येतं आणि त्याच्या खांद्यामागे मी दिसतो, दिवसभर, सगळीकडून. वरून तो पांढरा दिवा. पण ते एक वेळ सोड. नव्या चष्म्याची दांडी कानामागे नीट बसवायला मला वाकावं लागतं. वाकलो की माझं डोकं थेट त्या माणसाच्या नाकासमोर. म्हणजे ज्याला कैक दिवसांनी पहिल्यांदा स्पष्ट दिसू लागतं, तो सगळ्यात आधी माझी टाळू बघतो. परवा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "वा, आता अगदी बारीक बारीक दिसतंय हो." कशाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही.

एवढं कारण पुरे नाही का? माणसाला चांगलं दिसावंसं वाटायला वयाची अट आहे का?

आता तू मनातल्या मनात तो फलक काढशील, तेव्हा तेही होऊन जाऊ दे. पहिल्या वेळी केस लावायला गेलो त्या दवाखान्यात तू माझ्यासोबत आला होतास. मी आत होतो आणि बाहेर फोटो काढणाऱ्या मुलीने मीच समजून तुला हाक मारली. तू कोणाला नाही म्हणत नाहीस. गेलास, बसलास, डावीकडे वळा म्हणाली तर वळलास. वर्षाने चौकात फलक लागला. डावीकडे तू, खाली "आधी". उजवीकडे मी, खाली "नंतर". चूक त्या मुलीची होती. तुझ्याकडे गाडी शिकायला येणारी पोरं तुला "आधी सर" म्हणू लागली यातही माझा हात नव्हता. फलक उतरवा म्हणून त्यांच्याशी भांडायला गेलो तो मीच. तो उतरेपर्यंत तू बाडबिस्तरा बांधला होतास.

जाताना म्हणालास, "तुला माझ्यासारखं दिसायचं नव्हतं, ते आता सगळ्या शहराला कळलं." मी म्हणालो, "हो, नव्हतं." ते मी आजही मागे घेत नाही. चौतिसाव्या वर्षी टक्कल कोणालाच नको असतं. माझं ते बोलणं तू स्वतःवर का ओढून घेतलंस, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही.

डॉक्टरीणबाईंना तुझ्या रक्ताचे रिपोर्ट लागतील. तिकडेच करून पाठवलेस तरी चालतील.

आई बरी आहे. हल्ली ती तुझं विचारत नाही, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

दादा


१९ फेब्रुवारी

छोट्या,

एवढ्या लांब पत्रातून तू नेमकं तेच वाक्य धरलंस. "आई माझं विचारत का नाही?" यापुढे कार्डावर तू काहीही लिहिलेलं नाहीस, नावही नाही.

ती विचारत नाही, कारण तू आला आहेस असं तिला वाटतं.

दीड-दोन वर्षांपासून ती विसरते आहे. आधी किल्ल्या, मग दूध उतू जाणं, मग शेजारीण. तुला कळवलं नाही. वहिनी म्हणत होती कळवा, मी म्हणालो, ज्याला यायचं तो न बोलावताही येतो. पण एक गोष्ट ती विसरत नव्हती. रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की, "छोट्याचं काही पत्र?" मी म्हणायचो, नाही. रोज.

त्या तपासणीसाठी डोकं उतरवून मी दुपारी घरी आलो. ती खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "छोट्या. आलास?"

मी म्हणालो, "आई, मी दाद्या."

तर हसायला लागली. "लहानपणी पण असंच फसवायचात दोघं. बस इथे. जेवलास का?" माझं मनगट धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. छोट्या, तू गेल्यापासून मी तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? मी म्हणालो, "हो आई, आलो."

त्या दिवसापासून तू आमच्या घरी राहतोस. ताटात तुला पहिलं वाढलं जातं. तुला थंडी वाजते म्हणून खिडकी लावली जाते. तू गाडी जोरात चालवतोस म्हणून बोलणी मी खातो, आणि मला तर सायकलही धड येत नाही. ती तुला माझ्या तक्रारी सांगते. दाद्या पैशाला फार जपतो, दाद्या बायकोशी चढ्या आवाजात बोलतो. एकदा हळूच म्हणाली, "तू गेल्यापासून दाद्या दुकानातून लांबच्या रस्त्याने येतो. तुझ्या त्या गाडी शिकवायच्या वर्गावरून. मला वाटतं त्याला कळू नये की मला माहीत आहे." मी मान हलवली. दुसरं काय करणार? माझ्याबद्दल माझ्या आईने मला सांगावं आणि मी परक्यासारखं ऐकून घ्यावं.

इथवरही मी निभावून नेलं असतं. पण मग ती विचारू लागली, "दाद्या कुठे आहे? त्याला म्हणावं, छोट्या आलाय, आता तरी ये." आधी दिवसातून एकदा, आता उठता बसता. खिडकीतून रस्ता बघत बसते. मी शेजारी बसलेला असतो.

सगळं करून पाहिलं. पट्टी पुन्हा वाढवली. तिच्या मनात तू असा पक्का बसला आहेस की त्या चार केसांनी तू हलत नाहीस. विग आणला. तिने तो डोक्यावरून अलगद उचलला आणि म्हणाली, "घरात टोपी कशाला?" दुकानातून येतो तसा, तोच शर्ट, तीच पिशवी घेऊन दारातून आलो आणि म्हणालो, "आई, आलो ग." तिने बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "छोट्या, दाद्याचा शर्ट घातलास? त्याला आवडणार नाही हं." मी हट्टाला पेटून म्हणालो, मीच दाद्या, नीट बघ माझ्याकडे. तर तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. "माझी थट्टा करू नकोस रे. दाद्याला केस आहेत. कसे दाट केस आहेत त्याचे."

तू खरं सांग म्हणालास म्हणून सांगितलं. आरसे, गिऱ्हाइकं, तेही खोटं नाही, पण त्याच्यासाठी मी तुझ्यापुढे हात पसरला नसता. माझी आई माझी वाट बघते आहे आणि मला माझ्याच घरात शिरता येत नाही. म्हणून हवेत केस.

दादा


६ मार्च

छोट्या,

तू वहिनीला फोन करून म्हणालास, तारीख सांगा, लगेच निघतो. रिपोर्टही आले. दोघांचे कागद शेजारी ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या इतक्या वर्षांच्या कामात असं पहिल्यांदाच." खूश दिसल्या. टाळूचं चित्र काढून त्यांनी मला समजावलं, कुठे दाट, कुठे विरळ, भोवरा कुठून फिरवायचा. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दिसायला कधी लागेल?

तर लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात. मुळं आत राहतात, ती सावकाश जागी होतात. डोकं भरलेलं दिसायला वर्ष. हे मला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. पहिल्या वेळी वर्षभर आरशापुढे उभा राहून मोजदाद करणारा मीच. पण माणूस एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की त्याला सोयीचं तेवढंच आठवतं.

आईला बघायला येणारे डॉक्टर वर्षाची भाषा करत नाहीत. ते महिन्यांची करतात आणि तीही जपून. तिचं खाणं दोन घासांवर आलंय. छातीत घरघर असते. खुर्चीत बसवलं तर मान कलते, पण तोंड खिडकीकडेच.

मी डॉक्टरीणबाईंना नको म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. सांगायला सुरुवात केली आणि मी खिशात रुमाल शोधू लागलो. त्या बिचाऱ्या माझ्यासमोर पाण्याचा ग्लास धरून उभ्या राहिल्या.

आता माझं ऐक. केस राहू देत. तू ये.

तिला दोन मुलगे आहेत हे ती विसरलेली नाही. तिच्यासमोर एकच टकल्या असतो, म्हणून ती त्याला छोट्या म्हणते. दोन टकले समोर आले तर? त्यातला एक छोट्या. मग दुसरा कोण? दुसरा दाद्याच असणार, केस असोत नसोत. एवढा हिशेब तिच्या डोक्यात अजून बसेल असं मला वाटतं. तू तिथे नुसता बसलास, काहीही बोलला नाहीस, तरी मला पुन्हा मी होता येईल. दुसरं कोणी हे माझ्यासाठी करू शकत नाही. बायको नाही, डॉक्टर नाही.

तू माझ्यावर रागावलेलाच ये. राग गाडीत ठेवून ये असंही म्हणत नाही. फक्त ये.

तुझा दादा


२ एप्रिल

छोट्या,

तू पुन्हा निघाल्याचं वहिनीने आता सांगितलं. म्हणजे हे पत्र पोस्टात जाणार नाही. तू आलास की तुझ्या हातात देईन. समोरासमोर मला विचारता येणार नाही, मागच्या महिन्यात तू येऊन गेलास तेव्हाही आलं नाही.

सोमवारपासून आई बोलत नाही. डोळे उघडते, पण ना दाद्या म्हणते ना छोट्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला फोनवर कळलंच आहे.

तू आलास तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसलो होतो, तिच्या डाव्या हाताला, चमच्याने पाणी देत. तू दारात आलास, हातात बॅग. किती जाड झाला आहेस, हे माझ्या मनात आलं; तुझ्याही मनात माझ्याबद्दल तेच आलं असणार. मी म्हणणार होतो, "आई, बघ, छोट्या आलाय." सगळी तयारी करून ठेवली होती. पण माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तिने दोन्ही हात पुढे केले, तुझ्याकडे, आणि म्हणाली, "दाद्या. किती वेळ लावलास रे."

माझा हिशेब चुकला. तिचा चुकला नव्हता. छोट्या तर रोज शेजारी बसतच होता. ज्याची वाट बघत होती तोच दारातून आला.

तू माझ्याकडे बघितलंस. इतक्या वर्षांनी तू आला होतास आणि ती तुझंच नाव घेत नव्हती. मला वाटलं, आता तू म्हणशील, आई, मी छोट्या. तुझा तो हक्क होता आणि मी तुला अडवलं नसतं. तू बॅग खाली ठेवलीस, तिच्याजवळ गेलास आणि म्हणालास, "दुकानात गर्दी होती, आई."

माझंच वाक्य. मी घरी उशिरा आलो की हेच म्हणतो. तुला ते इतक्या वर्षांनी कसं सुचलं?

तिने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. "केस कुठे गेले रे तुझे?"

"गेले, आई."

"बरं झालं," म्हणाली. "आता दोघं सारखे दिसता."

तू तिच्या पांघरुणावर डोकं टेकलंस. ती तुला थोपटत राहिली, दाद्या, दाद्या म्हणत. आई मला भेटत होती आणि मी हातात चमचा घेऊन बघत होतो. हेवा वाटला असं लिहिलं तर तुला खोटं वाटणार नाही. पण तेवढंच नव्हतं. इतके दिवस ती जी वाट बघत होती ती संपली, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ते मी माझ्या अंगाने करू शकलो नसतो. तू केलंस. त्याबद्दल मी तुला काहीच बोललो नाही. माझ्या तोंडून असलं निघत नाही, हे तुला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहितो. तू माझ्यावर फार मोठी माया केलीस.

मग तिने तुझा कान धरून तुला खाली ओढलं आणि कानात काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होती. माझ्यापर्यंत नुसती कुजबुज आली. तू उठलास तेव्हा तुझा चेहरा मला बघवेना. तू गॅलरीत गेलास आणि पाठ करून उभा राहिलास. मी तुझ्यामागे आलो नाही. रात्री जेवताना आपण हवेबद्दल बोललो, तुझ्या गाडीच्या क्लचबद्दल बोललो. सकाळी फाटकाशी तू म्हणालास, "केस हवे असतील तर अजूनही सांग." मी म्हणालो, "बघू." तू गाडीत बसून थोडा थांबलास. मी विचारावं म्हणून थांबला होतास की सांगावं म्हणून, ते मला कळलं नाही. मग तू गेलास.

त्यानंतर तिने कोणालाच विचारलं नाही. खिडकीकडे बघितलंही नाही. मी रोज जवळ बसलो. दोनदा धीर करून म्हणालो, आई, दाद्याला काय सांगितलंस ग? ती गोड हसायची आणि म्हणायची, "ते आमच्या दोघांतलं आहे, छोट्या."

आता तीही वाट बंद झाली. ती जे बोलली ते जगात फक्त तुझ्याजवळ आहे.

केस तुझे तूच ठेव, मला खरंच नकोत. पण ते तुझं नाही. तिने ते दाद्याला सांगितलं. चांगलं असेल, नाहीतर मला ऐकवणार नाही असं काही असेल. तू मला सांभाळून घेऊ नकोस आणि त्यातला शब्दही बदलू नकोस.

मी स्वयंपाकघरात बसलो आहे. वाचून झालं की आत ये आणि ते माझ्या कानात सांग.

दादा